१/३५ जीप आणि थिवीची धूळ : प्रकल्प नोंदी

२३ जून

किट आलं, जोडायच्या प्लास्टिक मॉडेलचं. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज एमबी जीप, किट जपानी बनावटीचं, प्रमाण १/३५. खरी जीप सव्वातीन मीटरांहून थोडी लांब. टेबलावर ती साडेनऊ सेंटिमीटरची होणार. रुंदी साडेचार. खोक्याच्या मानानं आत माल कमी आहे म्हणून बायको हसली.

आयुष्यातलं पहिलं मॉडेल. या नादातल्या मित्रांचं म्हणणं, पहिल्यांदा रणगाडाच घे. रणगाडा चारी बाजूंनी बंद, आतलं काही दिसत नाही, आणि कुठं बिघडलं तर त्यावर चिखल थापायचा. जीप उघडी. सीट, पेडल, गिअरचे दांडे, सगळं लोकांसमोर. शिवाय चिखलाची सोय नाही, कारण मला जी जीप करायची आहे ती डिसेंबरातली आहे.

ते आधी लिहून ठेवतो. १८ डिसेंबर १९६१ ला ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे गोवा मुक्तीच्या लष्करी मोहिमेत, ५० पॅरा ब्रिगेडची पश्चिमेकडची तुकडी आमच्या थिवी गावामार्गे पुढं सरकली आणि संध्याकाळी बेतीला पोचली. ब्रिगेडियर सगत सिंग ब्रिगेडचे प्रमुख. बेतीच्या पुढं मांडवी, तिच्यावर तेव्हा पूल नव्हता, पलीकडं पणजी. नदी ओलांडली ती दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला सकाळी. याच ब्रिगेडची २ पॅरा, म्हणजे मराठा पलटण, फोंड्याच्या वाटेनं आली होती. फोंड्याचे माझे मेहुणे ही गोष्ट दरवर्षी ऐकवतात, आणि थिवीचा जावई म्हणून मी ती दरवर्षी ऐकतो. आता सासुरवाडीतच राहायला आल्यापासून दारातला रस्ता माझा झाला.

मॉडेल कुठल्या एका ठरावीक जीपचं नाही. फक्त जागा आणि महिना पक्का : थिवीचा रस्ता, डिसेंबर. गोव्यात डिसेंबर म्हणजे पाऊस जाऊन दोन महिने झालेले, शेतं कापलेली आणि रस्त्याच्या कडेला तांबडी धूळ. या छंदाचे जितके धडे पाहिले त्यांत गाडी मळवायची म्हणजे युरोपातला हिवाळा : काळपट ओला चिखल, चाकात गवत. तो इथं चालणार नाही. जमलं तर धूळ नीट बसवायची, बाकी कसंही झालं तरी चालेल.

७ जुलै

आज फक्त कापणी. स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतले. साच्यातून सुटताना प्लास्टिकला तेलकटपणा राहतो, त्यावर रंग धरत नाही. वाळायला दिवस गेला. जुलैत आमच्याकडं टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तिथं याचं काय.

भाग कापताना निप्पर भागाला टेकवायचा नाही. थोडं लांबून कापायचं, उरलेला खुंट ब्लेडनं आणि शेवटी पॉलिश पेपरनं काढायचा. एकदम लगत कापलं की प्लास्टिक दाबलं जातं आणि पांढरा डाग उठतो.

१/३५ हे प्रमाण आलं कुठून, तर टामिया कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, म्हणून त्या हिशेबानं आकार धरला. नंतर मोजलं तेव्हा भागाकार ३५ च्या आसपास निघाला. तेवढ्यावर पुढं अख्खी दुनिया १/३५ मध्ये लष्करी गाड्या करते आहे. मला हे फार आवडलं. ३६ असतं तर निदान बारानं भाग गेला असता.

१४ जुलै

चॅसी झाली. दोन लांब दांडे, आडवे पट्टे, पाट्यांच्या चार स्प्रिंगा, दोन ॲक्सल. हिरव्या झाकणाचा पातळ सिमेंट वापरतो. हा डिंकासारखा लावून चिकटवायचा नसतो. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे, फटीच्या टोकाला ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीतून पळत जातो, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्हीचं एक करून टाकतो. धरलेल्या बोटाखाली गेला तर बोटाचा ठसा कायमचा.

खरा प्रश्न चारी चाकं जमिनीला टेकण्याचा. सिमेंट कच्चा असतानाच चाकं नुसती खोचली आणि गाडी देवघरातल्या जुन्या आरशावर ठेवली. मागचं उजवं चाक केसभर वर. आरशात त्याचं प्रतिबिंब आणि चाक यांच्यातली फट अगदी स्पष्ट दिसते, नुसत्या टेबलावर दिसली नसती. ॲक्सल बोटानं हलकेच दाबून बसवला, वर पेनाचं खोकं वजन म्हणून ठेवलं आणि रात्रभर तसंच सोडलं.

२१ जुलै

मेस्त्रीकाका येऊन गेले. चार घरं सोडून राहतात. उमेदीची वर्षं डिचोलीकडच्या खाणीवर गाड्या दुरुस्त करण्यात गेली, त्यात जीपगाड्याच जास्त. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टब, म्हणजे गाडीचं वरचं अंग, उचलला, उलटा केला, ग्रिलच्या फटी नखानं मोजल्या.

“नऊ. ही लढाईतली रे. आमच्या सगळ्या सातवाल्या.”

बरोबर आहे. युद्धकाळातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपला पुढं नऊ उभ्या फटी, नंतरच्या नागरी सीजेला सात. महिंद्रनं वर्षानुवर्षं काढली ती सीजे-३बी, तिचं बॉनेटही उंच. विलीज आणि फोर्डनं मिळून युद्धात सहा लाखांवर जीप काढल्या, त्यातल्या पुष्कळ युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातच राहिल्या. ६१ साली रस्त्यावर दोन्ही पिढ्यांच्या गाड्या असायला हरकत नाही.

मग काका सुरूच झाले. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर चालकानं उठायचं, गादी उचलायची. “म्हणून त्या बाजूचा पत्रा बघ, सगळ्यात आधी तिथला रंग जातो. उठ-बस, उठ-बस. आणि सांडतं तेही तिथंच.” हेडलाइट बिजागरीवर असतात, खिट्टी सैल केली की दिवा उलटा फिरतो आणि थेट इंजिनवर उजेड पडतो, रात्री काम करायला बॅटरी धरणारा माणूस लागत नाही. बॉनेटवरच्या दोन लाकडी ठोकळ्यांचं काम मला ठाऊक नव्हतं. काच पुढं आडवी पाडली की ती त्यांच्यावर टेकते.

“काका, स्टिअरिंग डावीकडं आहे, उजवीकडं करायला हवं का?”

“कशाला? अमेरिकेची ती. तशाच चालवायचे लोक. ओव्हरटेक करताना बाजूच्याला विचारायचं, येऊ का म्हणून.”

स्टिअरिंग राहिलं डावीकडं. कुऱ्हाड-फावडंही त्याच अंगाला असतं. मागं उजव्या हाताला स्टेपनी, डाव्या हाताला जेरीकॅन.

११ ऑगस्ट

पाऊस थांबायची वाट पाहिली तर थेट चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येईल. म्हणून आज प्लास्टिकच्या चमच्यांवर चाचण्या घेतल्या. स्प्रेचा करडा प्रायमर ठीक बसला. मॅट वॉर्निश मात्र दुधाळ झालं, जणू चमच्याला मोतीबिंदू. कारण सरळ आहे : द्रावक भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवा ओलीचिंब असेल तर तिच्यातलं पाणी ओल्या थरावर धरतं. दुपारी दोन तास ऊन पडलं तेव्हा त्याच डब्यानं दुसरा चमचा मारला, तो स्वच्छ.

तेव्हा वॉर्निश पावसाळ्यानंतर. रंग वाळवायला जुन्या लाकडी खोक्यात पंधरा वॉटचा पिवळा बल्ब लावला आहे. गोव्यात कॅमेरावाले भिंगांना बुरशी लागू नये म्हणून असंच करतात. बल्ब गाडीपासून वीतभर लांब. प्लास्टिकला फार ऊब सोसत नाही. खोक्यात भाच्यानं चकल्यांचा डबा सारून ठेवला होता, तोही कुरकुरीत राहिला.

१८ ऑगस्ट

टब आतून रंगवून घेतला. सगळं जोडून मग रंगवलं असतं तर डॅशबोर्डखाली ब्रश शिरला नसता.

रंग पाण्यात मिसळणारे, ब्रशनं. एअरब्रश, काँप्रेसर, त्याचा पाणी गाळणारा सापळा हा सगळा संसार पहिल्याच गाडीसाठी थाटायची माझी तयारी नाही. अल्कोहोलवर आधारलेले ॲक्रिलिक रंग ब्रशला वाईट : वरचा हात फिरवला की खालचा उठून येतो. पाण्यातले बरे. ताकाइतपत पातळ करून, एका दिशेनं, एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. पहिला हात भयाण दिसतो, ठिगळाठिगळांचा. तिसऱ्यानंतर पत्रा दिसू लागतो.

हिरवा कुठला, यावर दोन संध्याकाळी गेल्या. किटमधली अमेरिकन जीप ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे तपकिरीकडं झुकणारी. आपल्या लष्करी गाडीचा हिरवा अधिक हिरवा. गडद हिरव्यात थोडा पिवळट खाकी घातला, दोन कारणांनी. एक, गाडी उन्हात वापरलेली आहे. दुसरं, लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. खऱ्या गाडीचा डबा उघडून जसाच्या तसा मॉडेलला फासला तर ते काळं वाटतं.

१५ सप्टेंबर

चवथीत काही झालं नाही. टेबलावर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या, सुपाऱ्या, तवशी आणि नारळ होते.

२२ सप्टेंबर

बाहेरचा रंग पुरा. डिकलच्या, म्हणजे पाण्यानं चिकटवायच्या खुणांच्या, कागदावरचे अमेरिकन पांढरे तारे सगळे वगळले. गाडी आपली.

नंबरपाटीचं ठरवलं ते असं : लष्करी पाटीवर आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. काळी पट्टी रंगवली, बाण पांढऱ्यानं काढला. त्यासाठी ब्रश नाही, टाचणीचं टोक वापरलं. पुढचे आकडे उगाच मनाचे घालण्यापेक्षा धुळीखाली घालणार. धूळ तशीही बम्परवर सगळ्यात जास्त बसते.

त्यावर चकचकीत वॉर्निशचा हात, ब्रशनं. वॉश द्यायचा तर पृष्ठभाग गुळगुळीत हवा. वॉश म्हणजे तेलकट पातळ गडद रंग, बोल्टच्या बुडाशी, पत्र्याच्या जोडाशी टेकवायचा; तो कोपऱ्याकोपऱ्यातून धावतो आणि खोली दाखवतो. खडबडीत मॅटवर तोच पसरून डाग होतो. काळा नको, तांबूस तपकिरी घेतला. गोव्यात भेगेत काळं साचत नाही, तांबडं साचतं.

६ ऑक्टोबर

धूळ.

बाजारात पिगमेंटच्या बाटल्या मिळतात : युरोपची माती, आफ्रिकेची वाळू, व्हिएतनामची तांबडी. शेवटची जवळची आहे, तरी आपली नव्हे, ती जरा विटकरी पडते. अंगणातली माती फुकट आहे.

पाऊस उघडून ऊन पडलं तसं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बुडाची, जांभ्यापासून झिजून पडलेली माती गोळा केली. ओव्हनमध्ये नको म्हणाली बायको, म्हणून तव्यावर भाजून कोरडी केली (तोही जुना तवा, ही अट). भाजायचंही बेतानं, जास्त तापली की लोहाचा पिवळसर अंश जाऊन ती लाल होते. गेरूच्या भट्टीत हेच घडतं.

मग खरी अडचण. माती बारीक दिसते, पण १/३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे रस्त्यावरचा पावणेदोन सेंटिमीटरचा खडा. दशांश मिलिमीटरचा कणही साडेतीन मिलिमीटरची खडी. अशी माती गाडीवर टाकली तर ती धूळ दिसत नाही, दगडफेक दिसते. खलबत्त्यात कुटली, आणि सासूबाईंच्या भाषेत वस्त्रगाळ केली : जुन्या मऊ धोतराचा तुकडा वाटीवर ताणून वर चिमूटभर पूड, बोटानं फिरवत राहायचं. खाली जे पडतं ते दिसत नाही, नुसता वाटीचा रंग बदलतो. वाटीभर मातीतून चहाचा चमचाभर मिळालं. पुरे झालं, जीप केवढी ती.

ते चमचाभर पाण्यात ढवळून थोडं थांबलं की जड कण आधी तळाला बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतून ते वाळवलं तर आणखी बारीक पूड मिळते. काचेवर बसवायला हीच.

दुसरी बाटली डिचोलीकडून येताना रस्त्याच्या कडेची भरून आणली होती. उन्हात दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळतो. थिवीची नारिंगीकडं झुकणारी. डिचोलीची गडद, जांभळट, आणि बाटली हलवली की मधूनच चमकते. ती खनिजाची चमक.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याचं मॅट वॉर्निश मारलं. हवा कोरडी, एक डागही नाही. क्रम असा की वॉर्निश आधी, माती नंतर. मातीवर वॉर्निश मारलं की निम्मी माती गायब आणि उरलेली ओली दिसते.

काका सकाळी आले तेव्हा मी डिचोलीची बाटली उघडून बसलो होतो. रंग जास्त छान वाटत होता.

“ही खाणीची. गाड्या काय खाणीतून आल्या होत्या? गावातून आल्या.”

काका तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यांना गाड्यांचे प्रकार आठवत नाहीत, झेंडे आठवत नाहीत. आठवतं ते हे की आईनं कुंपणावर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत तांबडे झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती ते विहिरीवर पुन्हा धूत असताना शेजारीण येऊन पणजीची बातमी सांगून गेली. आईला कपड्यांचाच राग जास्त होता, म्हणतात.

डिचोलीची बाटली बंद.

मी बॉनेटवर आणि पुढच्या ग्रिलवर माती घातली होती. काकांनी गाडी फिरवून मागची बाजू माझ्याकडं केली. “धूळ पुढून नाही बसत. धावत्या गाडीच्या मागं हवेची पोकळी होते, धूळ तिथं ओढली जाते. मागचा पत्रा, स्टेपनी, जेरीकॅन. पुढं बसते ती दुसऱ्याची. पुढं गाडी असेल तर.” रांगेतली गाडी आहे म्हणजे पुढचीही बसणार, पण पातळ, सगळीकडं सारखी. मागची दाट, आणि खालून वर विरत जाणारी.

पुढची मऊ ब्रशनं झाडून काढली. मागं कोरडी पूड ब्रशनं टेकवत बसवली आणि कडेला पांढऱ्या थिनरचा थेंब सोडला. तो पसरत जाऊन पुडीला धरतो. थिनर ओला असेपर्यंत काहीच दिसत नाही, जीव खाली-वर होतो. वाळला की रंग परत येतो.

वायपर हातानं फिरवायचे, काचेच्या वरून लटकलेले. चालकाचा एकच वापरात असणार. कागदाची अर्धगोल चकती कापून काचेवर पाण्यानं चिकटवली, वर सगळ्यात बारीक पूड थिनरमध्ये कालवून एक पातळ हात, वाळल्यावर चकती सोडवली. चालकापुढं स्वच्छ कमान, शेजाऱ्यापुढं तांबडा पडदा. येऊ का म्हणून विचारलं तर तो सांगणार काय, हा प्रश्न काकांनीच काढला.

चालकाच्या बाजूच्या काठावर हिरवा घासून खालचा पत्रा दाखवला, पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन. दुसऱ्या बाजूला तेवढं नाही. सीटच्या कडेला गडद चकचकीत डाग : सांडलेलं पेट्रोल, त्यावर धरलेली धूळ. या एवढ्या जागेत माती ओली दिसली तरी चालते.

३ नोव्हेंबर

दिवाळीचा नरकासुराचा पुतळा करून भाचा मोकळा झाला. त्याच्याकडचा उरलेला थर्माकोल आणि रद्दीचा लगदा माझ्या वाट्याला आला. थर्माकोल गडग्याला उपयोगी नाही, त्याचे मणी दिसतात. औषधाच्या खोक्यात आलेला दाट फोम आहे, तो बारीक पोताचा. त्याचा तळ करतो.

बेतीचा फेरीधक्का करायचा मोह होता. पाणी करायचं तर राळ ओतावी लागते, आणि मांडवीचं पाणी डिसेंबरात कसं दिसतं हे रोज बघणारे पाच-पन्नास लोक घरी येतात. रस्त्याचा तुकडा आणि एका अंगाला जांभ्याचा गडगा, बस.

१७ नोव्हेंबर

जांभ्याचा चिरा साधारण चाळीस सेंटिमीटर लांब, वीस उंच. १/३५ मध्ये साडेअकरा मिलिमीटर बाय पावणेसहा. फोमच्या पट्ट्या कापून तेवढे तुकडे पाडले. जांभ्याला भोकं असतात. ती टूथब्रशचे केस अर्धे कापून, तो उभा धरून ठोकत पाडली. सगळ्या अंगाला नाही. चिऱ्याच्या तासलेल्या तोंडावर हत्याराचे तिरके घाव असतात, ते ब्लेडच्या बोथट बाजूनं.

रंग चार लागले : खाली विटकरी, भोकांत गडद तपकिरी, कडांवर पिवळट, आणि वरच्या थरावर काळपट हिरवा. पावसाळ्यात चढलेलं शेवाळ डिसेंबरात असं वाळून काळं पडतं. काका म्हणाले, गडग्याला चुना लावू नकोस, तेव्हाचे गडगे कोरडेच रचायचे. सांध्यांत काही भरलं नाही, दोन चिरे मुद्दाम पडके ठेवले.

गाडी अजून तळाला चिकटवलेली नाही. जेरीकॅनचा पट्टा राहिला आहे, तो शिसाच्या पातळ पत्र्याचा करायचा. आणि कुंपणावर तीन कपडे वाळत घालायचे आहेत : टिश्यू पेपर, पातळ डिंक, वर तीच पूड.